करोना आणि दृष्टिपटलातील रक्तवाहिन्या : एका अनिर्णीत प्रश्नाचा आढावा

जिवंत मनुष्याच्या रक्तवाहिन्या कातडीला छेद न देता, त्यांच्या शाखा-उपशाखांसह स्पष्टपणे पाहता याव्यात, अशी स्थाने मानवी शरीरात फार नाहीत, आणि जी आहेत त्यांत डोळ्याच्या मागील भागात पसरलेल्या दृष्टिपटलाचा मान पहिला आहे. १८५१ मध्ये हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने नेत्रांतर्दर्शक यंत्र सिद्ध केले, तेव्हापासून वैद्यकाने या पटलावर शरीरातील अन्य विकारांच्या खुणा वाचण्याची विद्या हळूहळू वाढवीत नेली. मार्कस गन याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वाढलेल्या रक्तदाबाने धमन्यांवर उमटणाऱ्या चिन्हांचे वर्णन केले, १९३९ मध्ये अमेरिकेतील कीथ, वॅगनर आणि बार्कर यांनी त्या चिन्हांच्या चार पायऱ्या ठरविल्या, आणि मधुमेहाच्या बाबतीत तर दृष्टिपटलाची वार्षिक तपासणी हा आज उपचाराचाच एक भाग होऊन बसला आहे. तेव्हा २०२० च्या प्रारंभी केवळ फुप्फुसाचा म्हणून ओळखला गेलेला करोनाचा आजार रक्तवाहिन्यांचाही आजार आहे असे दिसू लागताच नेत्रवैद्यांनी आपली यंत्रे त्या दिशेने वळवावीत, हे स्वाभाविकच होते.

या साथीशी नेत्रवैद्यांचा संबंध आला तो मात्र प्रथम निराळ्या वाटेने. साथीची सूचना देणारे वूहान मध्यवर्ती रुग्णालयातील डॉक्टर ली वेनलियांग हे नेत्रवैद्य होते. कोणतेही लक्षण नसलेल्या एका काचबिंदूच्या रुग्णापासून आपल्याला संसर्ग झाला असावा, असे त्यांचे मत होते, आणि ७ फेब्रुवारी २०२० रोजी त्यांचा मृत्यू झाला. त्यामुळे आरंभीची चर्चा अश्रू, डोळ्याचे बाह्य आवरण आणि त्यावाटे होणारा संसर्ग यांच्याभोवतीच फिरत राहिली. तो विषय स्वतंत्र आहे आणि येथे त्याचा विस्तार करण्याचे कारण नाही. प्रस्तुत प्रश्न डोळ्याच्या अंतर्भागातील रक्तवाहिन्यांचा आहे : करोनाच्या संसर्गाने त्यांना इजा पोहोचते काय, पोहोचत असल्यास ती विषाणू स्वतः करतो की शरीरात उसळलेल्या एकंदर प्रक्षोभामुळे ती घडते, आणि ती तात्पुरती असते की कायमची.

पूर्वपीठिका

करोनाचा विषाणू पेशीत शिरतो तो एसीई-२ या नावाच्या ग्राहकाचा आधार घेऊन. हा ग्राहक शरीरातील रक्तदाब आणि द्रवसंतुलन राखणाऱ्या यंत्रणेचाच एक घटक असल्यामुळे आणि दृष्टिपटलातही त्याचे अस्तित्व दाखविले गेले असल्यामुळे, रक्तवाहिन्यांशी या विषाणूचा निकटचा संबंध असावा असा तर्क प्रथमपासूनच होता. एप्रिल २०२० मध्ये झुरिच येथील संशोधकांनी मृत रुग्णांच्या अवयवांत रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तराचा दाह आढळल्याचे आणि त्या अस्तराच्या पेशींत विषाणूसदृश कण दिसल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका शवविच्छेदनाधारित अभ्यासात, करोनाने दगावलेल्यांच्या फुप्फुसातील केशवाहिन्यांमध्ये सूक्ष्म गुठळ्यांचे प्रमाण इन्फ्लुएन्झाने दगावलेल्यांच्या नऊपट असल्याचे दिसून आले. रक्तवाहिन्यांचा दाह आणि रक्त गोठण्याची वाढलेली प्रवृत्ती ही जोडी अशा रीतीने साथीच्या पहिल्या काही महिन्यांतच प्रस्थापित झाली.

परंतु याच ठिकाणी पहिला मतभेदही उद्भवला. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली विषाणूसारखे दिसणारे कण म्हणजे पेशीचेच नेहमीचे घटक असू शकतात, ही हरकत तज्ज्ञांनी लगेच घेतली, आणि पुढे प्रयोगशाळेत केलेल्या अभ्यासांत असेही निष्पन्न झाले की रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशींत एसीई-२ जवळजवळ नसतेच व विषाणू त्यांत फारसा वाढत नाही. याचा अर्थ अस्तराला इजा होत नाही असा नव्हे. ती इजा दाहकारक द्रव्ये, रक्त गोठविणारी यंत्रणा आणि प्राणवायूची न्यूनता यांच्याद्वारे होत असावी, विषाणूच्या प्रत्यक्ष प्रवेशाने नव्हे, असा या पक्षाचा अभिप्राय आहे. डोळ्यासंबंधीच्या साऱ्या वादाच्या मुळाशी हाच भेद आहे, म्हणून तो आरंभीच नमूद केला.

दृष्टिपटलाची रचनाही ध्यानात घेतली पाहिजे. त्याच्या अंतर्भागाला रक्त पुरविणारी मध्यवर्ती धमनी ही अंत्यधमनी आहे, म्हणजे तिच्या शाखा एकमेकींना जोडलेल्या नसतात आणि एक शाखा बुजली असता दुसरीकडून रक्त वळवून घेण्याची सोय नसते. जेथे धमनी शिरेवरून जाते तेथे दोघींचे वेष्टन एकच असते, आणि धमनी कठीण झाली की शीर तिच्याखाली दबते. या पटलाची प्राणवायूची गरज, त्याच्या वजनाच्या मानाने, शरीरातील अन्य बहुतेक ऊतींच्या तुलनेत मोठी आहे. इतक्या नाजूक व्यवस्थेत कोठे बिघाड झाला तर तो दिसल्यावाचून राहणार नाही, ही अपेक्षा गैर नव्हती.

पहिली निरीक्षणे

मे २०२० मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात ब्राझीलमधील संशोधकांचे एक छोटे टिपण प्रसिद्ध झाले. लक्षणे सुरू झाल्यापासून ११ ते ३३ दिवसांनी तपासलेल्या बारा प्रौढांच्या दृष्टिपटलाच्या आतील थरांत ओसीटी या प्रकाशाधारित छेदचित्रणात अधिक उजळ दिसणारे ठिपके आढळले, आणि त्यांपैकी चौघांत कापसासारखे पांढरे डाग व सूक्ष्म रक्तस्राव दिसले. दृष्टी सर्वांची शाबूत होती. टिपण आखूड असले तरी त्याचा गाजावाजा मोठा झाला.

त्यावर आलेली हरकत तितकीच ठाम होती. ज्या उजळ ठिपक्यांना विकृती म्हटले गेले ते निरोगी माणसाच्या ओसीटीतही दिसणारे रक्तवाहिन्यांचे आडवे छेद आहेत, आणि ज्या पांढऱ्या डागाचे छायाचित्र छापले आहे तो जन्मजात आढळणारा, आवरणयुक्त मज्जातंतूंचा पुंजका असू शकेल, असे अनेक दृष्टिपटलतज्ज्ञांनी लिहिले. बारा रुग्ण, तुलनेसाठी निरोगी गट नाही आणि आजारापूर्वीची चित्रे नाहीत, अशा पुराव्यावर कोणताही निकाल देता येणार नव्हता, हे आज दोन्ही पक्ष मान्य करतील असे वाटते.

त्यानंतर मिलान येथील साक्को रुग्णालयातून आलेला अभ्यास अधिक भक्कम पायावर उभा होता. चोपन्न करोनाबाधित आणि संसर्ग न झालेल्या एकशे तेहेतीस व्यक्तींच्या दृष्टिपटलाची छायाचित्रे त्यात तुलनेला घेतली होती. रक्तस्राव सुमारे ९ टक्के, कापसासारखे डाग सुमारे ७ टक्के आणि रुंदावलेल्या शिरा सुमारे २८ टक्के बाधितांत आढळल्या. धमन्या व शिरा या दोहोंचा सरासरी व्यास बाधितांत अधिक होता, आणि शिरांचा व्यास आजार जितका तीव्र तितका जास्त व लक्षणांना जितके दिवस उलटले तितका कमी असे दिसले. या शेवटच्या निरीक्षणाचे महत्त्व विशेष आहे, कारण आजाराच्या चढउताराबरोबर बदलणारे चिन्ह हे पूर्वीपासूनच्या मधुमेहाचे वा रक्तदाबाचे असण्याचा संभव कमी होतो. तथापि रुंद शीर म्हणजे विषाणूचा हल्ला नव्हे. ज्वर, प्राणवायूची न्यूनता आणि शरीरव्यापी दाह यांनीही शिरा रुंदावतात. कापसासारखे डाग हेही एका विशिष्ट रोगाचे लक्षण नाही. मज्जातंतूंच्या थरातील एखादी सूक्ष्म धमनी बुजली की तंतूंतून होणारे द्रव्यांचे वहन तेथे अडते व तो भाग पांढरा फुगतो, आणि हे पंडुरोगात, रक्तातील विषबाधेत, रक्तदाबात कोठेही घडू शकते. काही आठवड्यांत असे डाग आपोआप विरून जातात.

केशवाहिन्यांची मोजदाद

वादाचे दुसरे पर्व ओसीटी अँजिओग्राफी या यंत्राचे आहे. शिरेत रंगद्रव्य न टोचता, वाहत्या रक्तपेशींच्या हालचालीवरून केशवाहिन्यांचे जाळे रेखाटणारे हे यंत्र साथीपूर्वीच रुग्णालयांत पोहोचले होते, आणि करोनातून बरे झालेल्यांची तपासणी त्याने करणे सोयीचे असल्यामुळे थोड्याच काळात देशोदेशींच्या अहवालांचा ढीग जमा झाला. इराणमधील मशहद येथून आलेल्या आरंभीच्या अहवालांपैकी एकात, बरे झालेल्यांच्या वरच्या व खोल अशा दोन्ही थरांतील केशवाहिन्यांची घनता निरोगींपेक्षा कमी असल्याचे दिसले. बार्सिलोना येथे मध्यम व तीव्र आजार झालेल्यांत, तर रोम येथे दृष्टिचेतेच्या मुखाभोवतीच्या केशवाहिन्यांत, अशीच घट नोंदली गेली. स्पेनमधीलच दुसऱ्या एका गटाने न्यूमोनिया झालेल्या रुग्णांत सहा महिन्यांनंतरही ही घट टिकून असल्याचे म्हटले. याउलट, निरोगी गटापासून फरक न आढळलेले अभ्यासही प्रसिद्ध झाले आहेत.

या मतभेदाची कारणे शोधताना पद्धतीचे दोष प्रथम तपासले पाहिजेत. या यंत्राचे आकडे चित्राच्या स्पष्टतेवर फार अवलंबून असतात. रुग्ण थकलेला असेल, नजर स्थिर राहत नसेल, डोळे कोरडे असतील, तर चित्र अंधूक येते, आणि अंधूक चित्रात केशवाहिन्या आहेत त्यापेक्षा विरळ दिसतात. आजारातून उठलेला रुग्ण आणि रुग्णालयातील निरोगी कर्मचारी यांची तुलना करताना हा भेद सहज शिरतो. भिन्न कंपन्यांची यंत्रे भिन्न रीतीने घनता काढतात, म्हणून एका ठिकाणचा आकडा दुसऱ्या ठिकाणच्या आकड्याशेजारी मांडणेही अवघड होते. बहुतेक अभ्यास काही डझन रुग्णांचेच आहेत, आणि आढळलेली घट दृष्टीत बिघाड करण्याइतकी मोठी बहुधा नसते. माझ्या मते या अहवालांतून एक दिशा सूचित होते, परंतु एखाद्या विशिष्ट रुग्णाला त्याच्या केशवाहिन्या करोनाने कमी केल्या असे सांगण्याचा अधिकार त्यांतून कोणालाही मिळत नाही.

वाहिनी बुजण्याचे प्रकरण

घनतेतील किंचित घट हा संशोधकांच्या कुतूहलाचा विषय असेल, पण शीर वा धमनी अकस्मात बुजणे ही रुग्णाच्या दृष्टीने मोठी आपत्ती असते. करोनानंतर तरुण व अन्यथा निरोगी माणसांत दृष्टिपटलाची मध्यवर्ती शीर बुजल्याचे वृत्तांत २०२० पासूनच भारतासह अनेक देशांतून येऊ लागले. एकेका रुग्णाच्या वृत्तांतावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे खरे, आणि त्यासाठी मोठ्या लोकसंख्येच्या दप्तरांचाच आधार घ्यावा लागतो.

दक्षिण कॅलिफोर्नियातील एका मोठ्या आरोग्यसेवा संस्थेच्या, करोनाचे निदान झालेल्या चार लाखांहून अधिक व्यक्तींच्या नोंदी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाल्या. निदानापूर्वीच्या काळाशी निदानानंतरच्या काळाची तुलना करता शीर बुजण्याचे प्रमाण सुमारे दीडपट झाले होते, आणि ते निदानानंतर सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास सर्वाधिक होते. धमनी बुजण्याच्या प्रमाणात मात्र संख्याशास्त्रदृष्ट्या ग्राह्य अशी वाढ आढळली नाही. दक्षिण कोरियातील राष्ट्रीय नोंदींवर आधारलेल्या अभ्यासात संसर्गानंतर अशी स्पष्ट वाढ दिसून आली नाही. या दोहोंत विसंवाद आहे. रुग्णाची पूर्वीची अवस्था, संसर्गाची लाट, लसीकरणाचा प्रसार आणि साथीच्या काळात नेत्रवैद्याकडे जाण्यास लोकांनी केलेली टाळाटाळ, यांपैकी कशाचा परिणाम किती, हे अद्याप वेगळे करता आलेले नाही. एवढे मात्र दोन्हीकडून स्पष्ट होते, की धोका वाढत असला तरी मूळचा धोकाच इतका अल्प आहे की प्रत्येक व्यक्तीच्या बाबतीत तो अल्पच राहतो.

याच सदरात लसीचाही प्रश्न येतो, आणि तो शांतपणे मांडणे अवश्य आहे. २०२३ मध्ये तैवानच्या संशोधकांनी आंतरराष्ट्रीय नोंदींच्या आधारे लस घेतलेल्यांत वाहिनी बुजण्याचे प्रमाण दोन वर्षांत दुपटीहून थोडे अधिक असल्याचे लिहिले. त्याच वर्षी तीस लाखांवर व्यक्तींच्या अमेरिकी नोंदींच्या परीक्षणात एमआरएनए लसीनंतर शीर बुजण्याचे प्रमाण अत्यंत कमी, आणि इन्फ्लुएन्झा व धनुर्वाताच्या लसींनंतरच्या प्रमाणाहून भिन्न नसल्याचे निष्पन्न झाले. जर्मनीतील अभ्यासातही संबंध आढळला नाही. दोन्ही बाजूंच्या पद्धतींवर आक्षेप घेतले गेले आहेत, तथापि पुराव्याचा तोल तूर्त दुसऱ्या पक्षाकडे झुकतो असे म्हणावे लागेल.

अक्यूट मॅक्युलर न्यूरोरेटिनोपथी या नावाचा एक दुर्मिळ विकार या संदर्भात विशेष लक्षणीय आहे. १९७५ मध्ये नेदरलँड्समधील दोन वैद्यांनी त्याचे प्रथम वर्णन केले. मुख्यतः तरुण स्त्रियांत आणि पुष्कळदा ज्वराच्या आजारानंतर तो उद्भवतो, आणि दृष्टीच्या मध्याजवळ एखादा काळसर डाग एकाएकी दिसू लागतो. खोल थरातील केशवाहिन्यांचा रक्तपुरवठा तुटल्याने तो होतो असे आज मानले जाते. पॅरिसमधील एका नेत्ररुग्णालयाने २०१९ च्या तुलनेत २०२० मध्ये त्याचे प्रमाण अनेक पटींनी वाढल्याचे नोंदविले. एरवी क्वचित आढळणारा विकार साथीबरोबर वाढतो, ही गोष्ट विशेष अर्थपूर्ण वाटते. अर्थात डॉक्टरांचे लक्ष वेधले गेले म्हणजे दुर्मिळ विकारही अधिक दिसू लागतात, ही शंका येथेही उरतेच.

भारतातील वेगळे प्रकरण

भारतात करोनाने डोळ्याच्या रक्तवाहिन्यांचा जो सर्वांत भीषण घात केला तो अप्रत्यक्ष होता. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत ‘काळी बुरशी’ या नावाने घरोघरी माहीत झालेला म्युकरमायकोसिस हा रोग नाकाच्या पोकळ्यांतून नेत्रकोटरात उतरतो. या बुरशीचे तंतू रक्तवाहिन्यांच्या भिंती भेदून आत शिरतात, तेथे गुठळ्या होतात आणि नेत्रधमनी वा दृष्टिपटलाची मध्यवर्ती धमनी बुजून दृष्टी जाते. अनेक रुग्णांचा जीव वाचविण्यासाठी शल्यवैद्यांना डोळाच काढावा लागला. देशभरातील नेत्रवैद्यांनी एकत्र येऊन संकलित केलेल्या २८२६ रुग्णांच्या अहवालात ७८ टक्के रुग्ण मधुमेही होते आणि ८७ टक्क्यांना स्टेरॉइड दिले गेले होते. या अहवालातील रुग्णांत गुजरात आणि महाराष्ट्र यांचा वाटा सर्वाधिक होता. मे २०२१ मध्ये केंद्र सरकारने हा रोग साथरोग अधिनियमाखाली अधिसूचित करावा असे राज्यांना कळविले. तो अधिनियम १८९७ चा, म्हणजे मुंबई इलाख्यातील प्लेगाच्या वेळचा. येथे रक्तवाहिनीचा नाश विषाणूने केला, मधुमेहाने केला, की उपचारातील अतिरेकाने केला, याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही, आणि तिघांचाही त्यात वाटा असल्याचे बहुतेक तज्ज्ञ मानतात.

विषाणू तेथे पोहोचतो काय

२०२० मध्ये हॅम्बुर्ग येथे करोनाने मृत्यू पावलेल्यांच्या चौदा डोळ्यांच्या तपासणीत तीन डोळ्यांच्या दृष्टिपटलात विषाणूच्या जनुकद्रव्याचा अंश सापडला. जनुकद्रव्य सापडणे आणि जिवंत विषाणू तेथे वाढत असणे या भिन्न गोष्टी आहेत. अमेरिकेतील मिझूरी विद्यापीठात मानवी ग्राहक असलेल्या उंदरांवर झालेल्या प्रयोगांत, विषाणू नाकावाटे दिला असता तो रक्त आणि दृष्टिपटल यांमधील आवरणाच्या पेशींपर्यंत पोहोचून तेथे दाह उत्पन्न करतो, परंतु डोळ्याच्या पृष्ठभागावर टाकला असता तसे होत नाही, असे दिसले. या प्रयोगाने प्रत्यक्ष संसर्गाच्या पक्षाला बळ मिळाले आहे. पण हे उंदीर मुद्दाम मानवी ग्राहक घालून तयार केलेले असल्यामुळे त्यांच्यावरून माणसाविषयी किती अनुमान करावे, याला मर्यादा आहे.

दीर्घकाळ रेंगाळणारा आजार

म्यूनिक येथे दीर्घ कोविडच्या ४१ रुग्णांच्या दृष्टिपटलातील वाहिन्या मोजल्या असता धमनिका अरुंद झालेल्या आढळल्या, आणि लुकलुकत्या प्रकाशाने वाहिन्या रुंदावण्याची जी नैसर्गिक प्रतिक्रिया होते तीही मंदावलेली दिसली. मिलानमध्ये तीव्र आजारात रुंद वाहिन्या, म्यूनिकमध्ये दीर्घ आजारात अरुंद धमनिका. हा विरोध केवळ वरवरचा असून एकाच प्रक्रियेच्या दोन अवस्था त्यात दिसत असाव्यात, असे म्हणता येईल, पण एकाच रुग्णाचा दोन्ही अवस्थांत पाठपुरावा केलेले अभ्यास फार थोडे आहेत. जर्मनीतील एर्लांगेन येथे काचबिंदू व दीर्घ कोविड असलेल्या एका रुग्णाला बीसी-००७ या औषधाने केशवाहिन्यांत व लक्षणांत सुधारणा झाल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा मोठी आशा निर्माण झाली होती. २०२४ मध्ये त्या औषधाची व्यापक चाचणी अपयशी ठरली, आणि औषध व लटके औषध यांत सिद्ध होण्याजोगा फरक आढळला नाही.

अनिर्णीत राहिलेले मुद्दे

या सर्व साहित्यात एक उणीव सर्वत्र आढळते, ती म्हणजे आजारापूर्वीच्या चित्रांचा अभाव. ज्या डोळ्यात आज घट दिसते त्याच डोळ्यात संसर्गापूर्वी काय होते, याची नोंद क्वचितच उपलब्ध असते. आता ही उणीव भरून काढणेही अवघड झाले आहे, कारण ज्यांना संसर्गही झाला नाही आणि लसही मिळाली नाही असे प्रौढ तुलनेसाठी मिळणे जवळजवळ अशक्य आहे. शिवाय उपलब्ध पुराव्याचा बराचसा भाग साथीच्या पहिल्या दोन वर्षांतील विषाणूच्या रूपांचा आहे, आणि पुढच्या सौम्य रूपांना तो जसाच्या तसा लावता येईल की नाही, हा स्वतंत्र प्रश्न आहे. ज्या संशोधकांना काहीच आढळले नाही त्यांनी आपले निष्कर्ष कितपत प्रसिद्ध केले, ही शंका तर सर्वच वैद्यकीय वाङ्मयाला लागू आहे.

तूर्त निर्णय द्यायचाच झाला तर तो असा देता येईल. तीव्र करोनात दृष्टिपटलाच्या रक्तवाहिन्यांवर परिणाम होतो, तो बहुधा दाह, रक्त गोठण्याची प्रवृत्ती आणि प्राणवायूची न्यूनता यांच्याद्वारे होतो, आणि बहुतेक रुग्णांत तो दृष्टीला बाधा न आणता ओसरतो. विषाणूचा प्रत्यक्ष प्रवेश संभवनीय आहे, सिद्ध नाही. ज्यांना करोना होऊन गेला पण डोळ्यांची कोणतीही तक्रार नाही, त्यांनी केवळ त्या कारणास्तव दृष्टिपटलाची महागडी तपासणी करून घेण्याचे प्रयोजन नाही, आणि मधुमेही व रक्तदाबाच्या रुग्णांनी आपली नेहमीची वार्षिक तपासणी मात्र चुकवू नये. पंजाबात जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत नावारूपाला आलेले सोहनसिंग हायरे यांनी माकडांवरील प्रयोगांत दाखविले होते, की दृष्टिपटलाची मध्यवर्ती धमनी सुमारे चार तास बंद राहिल्यास होणारी हानी मोठी आणि भरून न येणारी असते. म्हणून करोनानंतर असो वा एरवी, एका डोळ्याची दृष्टी वेदनेवाचून अकस्मात गेली तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच घटकेस रुग्णालय गाठावे.